‘वरिष्ठांस कळविले आहे’

सत्तेचा कल माणसाला बिघडविण्याकडे असतो आणि अनिर्बंध सत्ता त्याला पुरता बिघडवते, या आशयाचे लॉर्ड ॲक्टन यांचे वचन निवडणुकांच्या दिवसांत आपल्याकडे कितीतरी व्यासपीठांवरून ऐकू येते. ते राजकारणी मंडळींना उद्देशून लिहिले गेले असावे असाच सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ते एका खाजगी पत्रातले आहे. ५ एप्रिल १८८७ रोजी ॲक्टन यांनी ते पत्र मँडेल क्रायटन या अँग्लिकन धर्मोपदेशकास लिहिले आणि त्यात वादाचा विषय होता रोमचे पोप. क्रायटन यांनी पोपांच्या सत्तेचा इतिहास लिहिताना त्यांच्या दुष्कृत्यांकडे जरा समजुतीच्या नजरेने पाहिले होते. गंमत अशी की, प्रॉटेस्टंट क्रायटन सौम्य आणि कॅथलिक ॲक्टन संतप्त! थोरामोठ्यांना न्यायाचे माप सैल लावावे हे ॲक्टन यांना मुळीच मान्य नव्हते. झुकते माप द्यायचेच तर ते सत्ताधाऱ्याच्या विरुद्ध बाजूला द्यावे, कारण कायद्याचा हात त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ज्या वचनाचा मारा आपण मंत्र्यांवर करतो, ते मूळचे धर्मपीठावर बसलेल्यांसाठी होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हा जुना वाद आठवण्याचे कारण मात्र अलीकडचे आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपण पद सोडत असल्याचे जाहीर केले. चर्च ऑफ इंग्लंडमधील हे सर्वांत वरिष्ठ धर्मपद. वेल्बी यांनी स्वतः कोणावर अत्याचार केला असा आरोप नव्हता. पाच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, कीथ मेकिन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता आणि वेल्बी यांना २०१३ साली काय कळले व त्यानंतर त्यांनी काय केले, हा त्यातील एक प्रश्न होता. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टिपण्या लिहिणारा तो एक कारकून आहे. परंतु या प्रकरणाची हकीकत वाचताना त्याला सारखे वाटत राहिले की, हे आपल्या परिचयाचे आहे. हे एखाद्या फायलीसारखे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत थोडक्यात अशी. जॉन स्मिथ नावाचे एक नामांकित बॅरिस्टर इंग्लंडमध्ये होते. ते क्वीन्स कौन्सेल होते. १९७७ साली ‘गे न्यूज’ या नियतकालिकावर धर्मनिंदेचा जो गाजलेला खटला झाला, त्यात फिर्यादीची बाजू त्यांनीच मांडली होती. डॉर्सेट परगण्यातील आयवर्न मिन्स्टर या गावी श्रीमंत व प्रतिष्ठित शाळांतील मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरे भरत. उद्याचे बिशप, न्यायाधीश आणि मंत्री आजच ख्रिस्ताच्या पायाशी आणावेत, हा या शिबिरांमागील हेतू. ती चालवणाऱ्या ट्रस्टचे स्मिथ हे अध्यक्ष होते. या शिबिरांतून आणि विंचेस्टर येथील शाळेतून परिचय झालेल्या मुलांना ते आपल्या घरी बोलावीत व बागेतल्या एका शेडमध्ये छडीने मारीत. पापाचे परिमार्जन व्हावे, देह ताब्यात यावा, पवित्रता अंगी बाणावी म्हणून हा मार, असे ते त्यांना सांगत. एका तरुणाने जीव देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हा प्रकार बाहेर आला. बाहेर म्हणजे फार तर ओसरीपर्यंत.

१९८२ साली केंब्रिजचे एक पाळक मार्क रस्टन यांनी मुलांशी बोलून एक गोपनीय अहवाल लिहिला. त्यात कोणतीही गोष्ट सौम्य करून सांगितलेली नाही. आठ तरुणांना मिळून सुमारे १४,००० फटके बसल्याची त्यात नोंद आहे. अहवाल ट्रस्टशी संबंधित अशा मोजक्या मंडळींनी वाचला. ही मंडळी निर्दय नव्हती. वाचून त्यांना धक्का बसला, त्यांनी प्रार्थनाही केली असेल. पोलिसांकडे मात्र कोणी गेले नाही. काही पालकांनाही बोभाटा नको होता, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पण खरे कारण त्यांच्यापैकी एका धर्मोपदेशकाने पुढे स्वतःच सांगून टाकले: हे जाहीर झाले असते तर ईश्वराच्या कार्याची अपरिमित हानी झाली असती, असे त्याला वाटले.

या ‘कार्य’ शब्दापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. आपल्याकडेही हा शब्द अतिशय पवित्र मानला जातो. संस्थेचे कार्य, समाजाचे कार्य, राष्ट्राचे कार्य. ‘कार्याला बाधा येईल’ असे कोणी म्हटले की, उरलेले सर्व जण आपापली तोंडे मिटून घेतात. ख्रिस्ती मंडळीच्या बाबतीत यातला विपर्यास अधिकच ठळकपणे उठून दिसतो, कारण तिच्या धर्मग्रंथात हा प्रश्न दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. शंभर मेंढरांपैकी एक हरवले असता नव्व्याण्णव डोंगरावर सोडून त्या एकाच्या शोधात जाणारा मेंढपाळ, हा ख्रिस्ताने सांगितलेला दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. व्यवहाराच्या हिशोबाने तो मेंढपाळ वेडाच म्हटला पाहिजे. दृष्टांताचे सारे मर्म त्या वेडात आहे. याच्या नेमका उलट हिशोब मांडणारा माणूसही त्याच ग्रंथात भेटतो. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे, असा सल्ला सभेत देणारा प्रमुख याजक कयफा. तो ‘एक माणूस’ कोण होता, हे सांगावयास नको. तेव्हा १९८२ साली ज्या सज्जनांनी कार्यासाठी मुलांची दुःखे कपाटात बंद केली, त्यांनी प्रभूच्या नावाने निर्णय घेतला. तो निर्णय मात्र कयफाचा होता.

पुढे जे घडले, ते त्या कपाटाला कुलूप लागल्यामुळेच घडू शकले. १९८४ साली स्मिथ सहकुटुंब झिंबाब्वेला निघून गेले. तेथे त्यांनी स्वतःची संस्था काढली, पुन्हा शाळकरी मुलांची शिबिरे भरू लागली, पुन्हा तीच मारहाण सुरू झाली. डिसेंबर १९९२ मध्ये मारोंडेरा येथील एका शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृत आढळला. बुलावायो येथील काही पाळकांनी मात्र निराळा मार्ग धरला. त्यांनी डेव्हिड कोल्टार्ट या वकिलाकडून १९९३ साली सविस्तर चौकशी करवून घेतली आणि इंग्लंडमधल्या जुन्या प्रकरणाचा मागही काढला. त्या मुलाच्या मृत्यूबद्दल पुढे स्मिथ यांच्यावर खटलाही झाला. तो तडीस गेला नाही. नंतर ते दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या ‘चॅनल फोर’ दूरचित्रवाणीने सर्व प्रकार जगापुढे मांडला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केपटाउन येथे, कोणत्याही न्यायालयासमोर दोषी न ठरता, ते मरण पावले. दोन्ही खंडांतील मिळून सुमारे १३० मुले व तरुण त्यांच्या तावडीत सापडले असावेत, असा मेकिन यांचा अंदाज आहे.

‘मुले गप्प का राहिली?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. या प्रश्नात धार्मिक नेतृत्वाचा सगळा विशेष दडलेला आहे. माझा वरिष्ठ अधिकारी माझा गोपनीय अहवाल बिघडवू शकेल, मला सिलिगुडीहून कोचीला धाडू शकेल, रजा नाकारू शकेल. पण तो अन्यायी आहे की नाही, हे ठरवण्याचे माझे माप त्याच्या हाती नसते. मी ते संध्याकाळी छत्रीबरोबर घरी घेऊन जातो. धर्मगुरूचे तसे नाही. त्याच्या हाती माझे मापच असते. पाप म्हणजे काय, आज्ञापालन म्हणजे काय, मनात उठणारी शंका हा विवेकाचा आवाज की सैतानाचा, हे सारे तोच मला शिकवतो. ज्या काट्यावर त्याला तोलावयाचे, तो काटाच त्याने आपल्याकडे ठेवून घेतलेला असतो. अशा नेत्याविरुद्ध ब्र काढण्यापूर्वी माणसाला आधी स्वतःच्याच मनाविरुद्ध बंड करावे लागते आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. उच्छृंखल नेता आणि रोगट नेता यांत मी फरक करतो तो येथे. उच्छृंखल नेता नियम मोडतो. रोगट नेता दुसऱ्याच्या विवेकात घर करून राहतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. २०१२-१३ मध्ये एका पीडिताने ईली धर्मप्रांताकडे आपली कहाणी सांगितली. तेथून पत्रे निघाली. केपटाउनच्या दिशेला एक गेले, पोलिसांच्या कानावर गोष्ट गेली, ऑगस्ट २०१३ मध्ये आर्चबिशपांनाही कळवण्यात आले. पदत्यागाच्या निवेदनात वेल्बी यांनी म्हटले की, पोलिसांना कळवले असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते आणि आता योग्य तो निकाल लागेल असे आपण चुकीने गृहीत धरले. मेकिन यांचा निष्कर्ष असा की, त्या वर्षी प्रकरण रीतसर पोलिसांत दाखल केले असते, तर स्मिथ यांना न्यायासनासमोर उभे करणे कदाचित शक्य झाले असते.

कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या कोणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही. कागद आला, आवक क्रमांक पडला. टिपणी लिहिली, ‘वरिष्ठांस कळविले आहे’. जावक क्रमांक पडला. त्या क्षणी मनावरचे ओझे उतरते. खरोखरच उतरते, त्यात ढोंग नसते. कागद माझ्या टेबलावरून गेला म्हणजे प्रश्नही गेला, असे वाटण्याची सवयच आम्हांला पगाराबरोबर लागलेली असते. एका कागदावर सहा सह्या असतात, त्या सहांपैकी प्रत्येकाला तो कागद दुसऱ्याचा वाटतो.

या वृत्तीचे समर्थनही करता येते आणि ते हलके नाही. संस्था म्हटली की श्रेणी आली, श्रेणी म्हटली की कामाची वाटणी आली. प्रत्येक कनिष्ठ माणूस वरिष्ठाच्या निर्णयावर पहारा देऊ लागला तर कोणतेच काम पुढे जाणार नाही. शिवाय कनिष्ठाला सर्व बाजू ठाऊक नसतात. एखाद्यावर नाहक बालंट येऊ नये, यासाठीही रीतसर मार्ग असावा लागतो. आर्चबिशप म्हणजे काही पोलीस अंमलदार नव्हे. पोलिसांना कळवले आहे असे ऐकल्यावर त्याने आणखी काय करावयाचे? मला हा युक्तिवाद निम्मा पटतो.

निम्माच, कारण कळविण्याचे कर्तव्य आणि ज्याच्यासाठी कळवावयाचे त्याच्याविषयीचे कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिले कर्तव्य पदाचे असते, ते जावक क्रमांकाने संपते. दुसरे माणसाचे माणसाशी असते, आणि त्या कर्तव्याची पोच वरिष्ठ देऊ शकत नाही. ज्याला दुखापत होत आहे तोच ती देऊ शकतो. म्हणून कसोटी एवढीच: कळवल्यानंतर मार थांबला काय? एवढा प्रश्न विचारण्यासाठी धर्माधिकारी असण्याची गरज नाही. आमच्या प्रवासभत्त्याचे बिल अडले तर आम्ही पंधरवड्याला एक स्मरणपत्र धाडतो, चौथ्या स्मरणपत्राची प्रत लेखापालाच्याही वरच्याला देतो आणि तरी भागले नाही तर दुपारच्या सुट्टीत स्वतः जाऊन उभे राहतो. एकशे ऐंशी रुपयांसाठी जी चिकाटी माणसाला सहज जमते, ती दुसऱ्याच्या मुलासाठी का जमू नये? रस्टन यांचा अहवाल वाचणाऱ्यांना स्मिथ कोठे गेले हे ठाऊक होते. तेथे काय चालले आहे, हे वर्षावर्षाला विचारण्याचे काम कोणाच्याही टेबलावर नव्हते. बुलावायोच्या पाळकांच्या टेबलावरही ते नव्हतेच. त्यांनी ते उचलून आणले.

बदलीची गोष्टही आपल्याला निराळी समजावून द्यायला नको. गैरवर्तन करणाऱ्याची बदली करून दोन्हीकडची अडचण मिटवणे हा सरकारी तोडगा बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतात तीस वर्षे चालू होता. ‘बोस्टन ग्लोब’ने जानेवारी २००२ पासून त्याची लक्तरे वेशीवर टांगली. जॉन गेगन नावाचा एक पाद्री सुमारे सहा चर्चमधून फिरवला गेला आणि १३० हून अधिक जणांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. १९८४ साली त्याला आणखी एका चर्चमध्ये नेमले, तेव्हा सहायक बिशप जॉन डार्सी यांनी कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पत्र लिहून या नेमणुकीविषयी शंका व्यक्त केली होती. पत्र दप्तरात राहिले, पाद्री चर्चमध्ये राहिला. डिसेंबर २००२ मध्ये लॉ यांना पद सोडावे लागले. नव्या गावातील आईबापांना मात्र त्या पत्राविषयी कोणी एक अक्षर सांगितले नव्हते. बदलीचा हुकूम नेहमी दोन गावांमधला असतो. तो निघताना दुसऱ्या गावाला विचारण्याची पद्धत नाही.

मग या परंपरेत यावर औषध नव्हतेच काय? होते, आणि फार जुने. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जी नियमावली केली, तीत मठाधिपतीने महत्त्वाच्या प्रसंगी सर्व बंधूंना बोलावून घ्यावे असे सांगितले आहे. कारण अधिक चांगली गोष्ट देव पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच सुचवतो. हा नियम घालून देणाऱ्याला माणसाची पारख होती. मात्र अंतिम निर्णय त्यानेही मठाधिपतीच्याच हाती ठेवला आणि नियम जिवंत राहणे न राहणे वरच्याच्या मर्जीवर सोडले.

आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या परदेशी, विधवा, पदरी लहान मूल, कान अधू होत चाललेले आणि राहणे-शिकणे सारे त्या भगिनींच्या आधारावर. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला. लाहोर व मुंबई येथील बिशपांनी याला विरोध केला. हिंदुस्थानात त्यांची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर व्याख्याने दिली होती, तिला हिंदुस्थानात काय शोभेल हे इंग्रज बिशप तिला न विचारता ठरवत होते! रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. हिंदू पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, धर्माधिकाऱ्याचा प्रत्येक शब्द ही परमेश्वराचीच आज्ञा असे मानणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८८५ साली स्पष्ट कळवले. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. रमाबाईंच्या श्रद्धेला त्यामुळे उणेपणा आला असे मला वाटत नाही. त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या आणि केडगावला जे उभे केले ते त्या श्रद्धेच्या बळावरच. ज्या काट्याचा मी मघाशी उल्लेख केला, तो त्यांनी कोणाच्याही हाती दिला नाही, एवढेच. पण रमाबाई एखादीच असते, आणि ज्या व्यवस्थेत सुरक्षित राहण्यासाठी प्रत्येकाला रमाबाई व्हावे लागते, ती व्यवस्था चांगली म्हणता येणार नाही.

हे सर्व वाचून ‘पाहा, पाद्र्यांचे कसे चालते!’ म्हणून समाधान मानणारे वाचकही असतील. त्यांनी आपल्या गावचे मठ, आश्रम आणि बुवा एकदा डोळ्यांसमोर आणावेत. इंग्लंडातल्या मंडळीने निदान बाहेरच्या माणसाकडून चौकशी करवली, अहवाल छापला, तो वाचून सर्वोच्च माणसाला पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे असे कितीदा झाले?

तथापि तिकडेही गाडी पुढे कोठवर गेली ते पाहण्यासारखे आहे. तक्रारींची दखल घेणारी यंत्रणा चर्चच्या हाताबाहेर, पूर्णपणे स्वतंत्र अशी असावी, अशी पीडितांपैकी अनेकांची मागणी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा प्रस्ताव चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वसाधारण सभेपुढे आला. सभेने राष्ट्रीय पातळीवरचे काम बाहेरच्या संस्थेकडे देण्यास संमती दिली. धर्मप्रांतांतील कर्मचारी मात्र तूर्त चर्चच्याच नोकरीत राहावेत असे ठरवले आणि पूर्ण स्वातंत्र्याच्या दिशेने अधिक अभ्यास व्हावा, असा ठराव केला. ‘अधिक अभ्यास व्हावा’ हा शेरा कोणत्या फायलीवर, कोणत्या वेळी आणि कशासाठी मारला जातो, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगणे धाष्टर्याचे होईल.